नात्यातलं अंतर

हौशी : काका, कॅमेऱ्याची बॉडी शाबूत आहे, लेन्सच नाही. आजोबांची झॉर्की-४. नाते गावच्या घरी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होती म्हणून वाचली. शटरचं कापड धड आहे, उजेडाकडे धरून पाहिलं, कुठे भोक नाही. आतली फोकसची चिमुकली पट्टी बोटाने दाबली की खिडकीतली दुहेरी प्रतिमा सरकते, म्हणजे रेंजफाइंडरही जिवंत आहे. माउंट ३९ मिलिमीटरचा, स्क्रूचा. त्यावर रशियन ज्युपिटर बसेल, लायकाची जुनी एल्मार बसेल, कॅननची बसेल, अलीकडची व्हॉइग्टलेंडरचीसुद्धा बसेल. एवढी दारं उघडी असताना एकाच उंबरठ्यावर का उभं राहायचं? मी तीन ठरवल्यात : ३५, ५० आणि ८५. ओटीवर बसलेली माणसं ३५ ने, चेहरे ८५ ने, बाकी सगळं ५० ने.

साशंक : म्हणजे 'बाकी सगळं' जिच्यावर टाकलंस ती एकच लेन्स तुला हवी आहे, हे तूच बोललीस. राहिलेल्या दोन नवसाच्या. आणि झॉर्की म्हणजे काही दुर्मीळ चीज नव्हे हो. क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात ही ४ नंबरची १७ लाखांहून जास्त बनली. जपायची तर वापरून जप. आणि एक लक्षात ठेव, आधी रोल पुढे सरकवायचा, मगच शटरचा वेग बदलायचा. उलट केलंस तर आतली यंत्रणा बिघडेल आणि दुरुस्त करणारा शोधत मुंबईला जावं लागेल.

आता लेन्सचं. मी धंद्यात नवा होतो तेव्हाची गोष्ट. पोलादपूरचं लग्न, माझ्याकडे फेड, ही तिचीच बहीण. अंतरपाट सरला, अक्षता पडल्या, हार पडले, मी एकही क्षण सोडला नाही. ३६ फोटो. अंधाऱ्या खोलीत रोल धुतला तर पहिल्यापासून शेवटपर्यंत काचेसारखा कोरा. लेन्सवरचं टोपण काढलंच नव्हतं! एसएलआर असता तर डोळ्यासमोर काळोख दिसला असता. इथे खिडकीतून नवरानवरी लख्ख दिसत होती. नवऱ्या मुलाच्या बापाला काय सांगितलं ते विचारू नकोस.

टोपणाचं सोड, ते कुणीही विसरतो. खिडकीला लेन्सचा पत्ताच नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. तू ३५ लाव, ८५ लाव, झॉर्कीच्या खिडकीतून दिसायचं तेच दिसणार, साधारण ५० ला दिसतं तेवढं. चौकटीच्या रेघासुद्धा नाहीत तिच्यात. म्हणून या कॅमेऱ्यावर लेन्स डोळ्याने पाहता येत नाही, ती आधी डोक्यात असावी लागते. तीन लेन्स म्हणजे तीन चौकटी डोक्यात. तुझ्या डोक्यात अजून एक तरी पक्की झाली आहे का?

हौशी : ५० ची पक्की व्हायला हवी, असं कुणी सांगितलं? तुमच्या पिढीने ५० ला कुलदैवत केलं. १९२५ साली लायका बाजारात आला तेव्हा तो घडवणाऱ्या बार्नाकने त्याला ५० जोडली होती, ती निघतही नव्हती. तिथून ही वहिवाट पडली. माणसाच्या डोळ्यासारखी लेन्स, असं ५० बद्दल म्हणतात. हिशेब करा. २४ बाय ३६ च्या चौकटीचा कर्ण येतो ४३ मिलिमीटर. त्या मापाने ५० थोडी लांब आणि ३५ थोडी रुंद. दोघी जवळपास सारख्याच चुकतात. लायकावाल्यांनीही हे भोगलंय. १९५४ च्या एम-३ च्या खिडकीत ५०, ९० आणि १३५ च्या चौकटी दिल्या, ३५ ची दिलीच नाही. मग ३५ ला चष्मा लावून विकायची पाळी आली आणि पुढच्या एम-२ मध्ये ती चौकट मुकाट्याने घालावी लागली.

आणि आमच्या ओटीचं काय? खोली दहा फूट, म्हणजे तीन मीटर. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले तर समोरचं ५० मध्ये सव्वादोन मीटरही मावत नाही. ३५ मध्ये तीन मीटर मावतं. आजी, चुलती, दोन आत्या आणि मधे लोळणारी पोरं. ५० लावली तर एका आत्याला बाहेर बसवावं लागेल. कोणत्या आत्याला, ते तुम्ही येऊन सांगा.

साशंक : आत्यांच्या भानगडीत मी पडत नाही. पण तू भिंतीला पाठ का लावतेस? अंगणात उतर. ओटीवरच्या माणसांचा फोटो अंगणातून काढायचा, हे आमच्या पिढीने लेन्सच्या मापामुळे नाही ठरवलं. आपल्याकडची ओटी अंगणाकडे उघडी असते आणि उजेड तिकडूनच येतो. पाठीशी उजेड घेऊन खाली उभं राहिलं की माणसं पायरीवर आपोआप ओळीत बसतात. ५० ला तिथे जागाच जागा.

३५ ची खरी अडचण वेगळी आहे. झॉर्कीच्या खिडकीत ती मावत नाही म्हटल्यावर डोक्यावर दुसरी खिडकी चढवायची. रशियन गोल फिरणारी मिळते, २८ पासून १३५ पर्यंत सगळी मापं तिच्यात. दिसते झकास, तोफेवर दुर्बीण बसवल्यासारखी. मग एका खिडकीत डोळा लावून फोकस करायचा, डोळा उचलायचा, दुसऱ्या खिडकीत चौकट बघायची. तेवढ्यात पोर हसून रडायलाही लागलं. शिवाय वरची खिडकी वरून बघते आणि लेन्स खालून. एक मीटरवरचा चेहरा घेतलास की कपाळ कापलं गेलंच म्हणून समज.

कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये आपल्या देशात फिरला. गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी दुपारी तो त्यांना भेटून गेला होता, आणि रात्री नेहरू बिर्ला हाउसच्या फाटकावर चढून लोकांना ती बातमी सांगतानाचा फोटोही त्यानेच काढला. जन्मभर त्याचं बहुतेक काम ५० वर झालं. त्याला काय ३५ परवडत नव्हती?

हौशी : मोठ्या माणसाचं नाव घेतलं की वाद संपतो, ही शाळेतली युक्ती. तो पाहुणा होता, काका. भाषा येत नव्हती, परत जायचं होतं. पाहुण्याला ५० शोभते. शिवाय तुम्ही दोन खिडक्यांचं बोलता, मला एकच लागणार आहे. फोकस मी अंदाजाने आधीच लावून ठेवणार. ३५ च्या ज्युपिटर-१२ चं अपर्चर ११ वर आणि फोकस पावणेचार मीटरवर ठेवला की जवळपास दोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. फोकसच्या खिडकीकडे बघायचंसुद्धा नाही. ५० ला हा डाव लावून बघा, त्याच ११ वर चार मीटरच्या अलीकडचं सगळं हातातून जातं.

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्चला उभं राहून हे करून दाखवा. १९२७ साली बाबासाहेबांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हापासून तो दिवस तिथे मोठाच आहे. पायऱ्यांवर खांद्याला खांदा. त्या गर्दीत चार मीटर मोकळी जागा तुम्हाला कोण आखून देणार? माणसं जवळून येतात, जातात. तिथे खिडकीत दुहेरी प्रतिमा जुळवत बसलात तर जुळेपर्यंत समोर दुसराच माणूस असेल.

साशंक : मार्चच्या दुपारचं ऊन, ४०० ची फिल्म, ११ चं अपर्चर. या तिन्हींवर तुझा सगळा बंगला उभा आहे. ऊन काढून घेतलं की काय राहतं? महाशिवरात्रीनंतरचा वीरेश्वराचा छबिना घे. रात्रीचा. सासनकाठ्या नाचतात, ढोल घुमतो, उजेड म्हणावा तर मांडवातल्या दिव्यांचा. तिथे अपर्चर पूर्ण उघडावंच लागतं आणि उघडलं की तुझा अंदाजाचा फोकस मेला. ज्युपिटर-१२ उघडते २.८ पर्यंत, ५० ची ज्युपिटर-८ उघडते २ पर्यंत. ८ मध्ये दुप्पट उजेड येतो. जिथे मला शटर ३० वर चालेल तिथे तुला १५ वर जावं लागेल, आणि १५ वर नाचती काठी म्हणजे धुराची रेघ.

हौशी : उजेडाचं मान्य. छबिन्याला ३५ हरते. पण धुराची रेघ मला चालेल. काठी नाचते आहे, गोठलेली काठी कुणाला बघायची आहे?

साशंक : काठी नाचू दे ग, पण धरणाऱ्याचा चेहराही पुसला जातो. असो. ८५ बद्दल मात्र माझ्याशी वाद घालू नकोस. या कॅमेऱ्यावर ८५ म्हणजे त्या मोठ्या खिडकीच्या मधोमध एक छोटा चौकोन मनाने कल्पायचा आणि २ च्या अपर्चरवर फोकस केसाइतका चुकला तरी नाक स्पष्ट, डोळे धूसर. वर आणखी एक गुंता आहे. स्क्रू सारखा म्हणून माप सारखं, असं समजू नकोस. ज्युपिटर मुळात झाइसच्या घराण्यातल्या. ८ ही सोनारची लेक, १२ ही बिओगॉनची. लायकाच्या मोजणीत आणि रशियन मोजणीत किंचित फरक आहे. झॉर्कीवर रशियन लेन्स लावलीस तर सगळं घरच्या घरी. पण उद्या लायका किंवा कॅनन घेतलास आणि हीच लेन्स त्यावर लावलीस, तर जवळच्या अंतरावर, उघड्या अपर्चरला फोकस चुकू शकतो. ८५ मध्ये ती चूक ओरडते, ५० मध्ये कुजबुजते, ३५ मध्ये ऐकूच येत नाही. बघ, तुझ्या बाजूचाही मुद्दा मीच सांगितला.

हौशी : ८५ सोडली. चेहऱ्यासाठी हवी होती, पण नाकाचेच फोटो यायचे असतील तर नको. राहिल्या दोन. दोन घेतल्या तर काय बिघडलं?

साशंक : २२ जुलै २०२१ ला महाडात पाणी शिरलं तेव्हा माझ्या कपाटात सहा लेन्स होत्या. पाणी वरच्या खणापर्यंत आलं. नंतर चिखल धुतला, उन्हात ठेवल्या, पण दोन काचांच्या मधे गेलेला गाळ बाहेर काढणार कसा? त्यातल्या तीन तर अशा, की पुरात गेल्या म्हणूनच मला आठवल्या. सातवी खांद्यावर होती, ५०, तेवढी वाचली. आणि पूर नाही आला तरी बुरशी येतेच. आपल्याकडे जूनमध्ये कपाटात ठेवलेली चामड्याची चप्पल ऑगस्टमध्ये हिरवी होऊन निघते. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू धरतात, एकदा काचेचा लेप खाल्ला की पुसूनही डाग राहतो. रोज वापरातल्या लेन्सला हवा लागते, उजेड लागतो, ती टिकते. कपाटातली मरते. दुसरी लेन्स घेतलीस की दोघींपैकी एक कपाटात जाणार. तुझ्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. त्या गावची पोर तू, आणि तुला दोन लेन्सचा ताळेबंद जमत नाही?

हौशी : त्याच चिंतामणरावांनी मेघदूताचा मराठी अनुवादही केला, काका. प्रत्येक गोष्टीचा ताळेबंद त्यांनीही मांडला नाही. आणि तुमचा हा वाद पुराचा आणि बुरशीचा आहे, लेन्सचा नाही. एक घे म्हणता ते मी ऐकलं. पण ती एक ५० च का, हे अजून तुम्ही सांगितलेलं नाही. खिडकीत मावते म्हणून? म्हणजे कॅमेऱ्याच्या सोयीने मी माझी माणसं बघायची?

साशंक : बरं, सांगतो. हे मी फारसं बोलत नाही. महाडात पाणी भरलं त्याच दिवशी तळियेवर दरड आली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. रस्ता मोकळा झाल्यावर मी गेलो होतो, खांद्यावर ती वाचलेली ५०. एक बाई दगडावर बसली होती, कुणाशी बोलत नव्हती. मी कॅमेरा डोळ्याला लावला. ५० ने ती हवी तेवढी मोठी यायला तीन मीटरवर जायला हवं होतं. तुझी ३५ असती तर दोन मीटरवर. मी दोन पावलं टाकली आणि थांबलो. फोटो काढला नाही. यात माझा मोठेपणा काही नाही. ८५ त्या दिवशी हातात असती तर पाच मीटरवरून, रस्त्याच्या कडेनेच काढला असता, तिला कळलंही नसतं. पुरात गेलेल्यांत ती ८५ होती. ५० ने मला थांबवलं, एवढंच. म्हणून मी ५० म्हणतो. ती इतकी लांब नाही की चोरी करता यावी, आणि इतकी जवळ नाही की कुणाच्या अंगावर जावं.

हौशी : थांबा. मग आपण इतका वेळ रुंदीवर बोलत होतो ते चुकलंच. ओटी किती मावते, कर्ण किती, हे सगळं बाजूला. माणूस चौकटीत तेवढाच मोठा हवा असेल तर ३५ ला दोन मीटर, ५० ला तीन, ८५ ला पाच. लेन्स निवडायची म्हणजे मी माणसापासून किती लांब उभी राहणार हे आधीच ठरवून घरातून निघायचं. एसएलआरवाल्याला झूम फिरवून हे जागच्या जागी बदलता येतं. मला नाही येत. आणि तसं असेल तर तुमच्याच गोष्टीवरून मी ३५ म्हणेन. दोन मीटरवर लपता येत नाही. समोरचा एकतर शिवी देईल नाहीतर चहा विचारेल. त्याने काहीतरी ठरवलेलं असतं. तीन मीटरवर मात्र वाटसरू असल्याचं सोंग करता येतं, 'मी देवळाचा फोटो काढत होतो' म्हणता येतं. तळियेला तुम्ही थांबलात ते तुम्ही थांबलात, ५० ने नाही थांबवलं. लेन्सला श्रेय देऊ नका.

साशंक : असेल. पण दोन मीटरवर शिरायचा परवाना तुला कुणी दिला? तू म्हणशील, मी घरची. बाय माझे, कॅमेरा डोळ्याला लावला की घरची लेकसुद्धा पाहुणी होते. आजी पदर सावरते, चुलती उठून केस नीट करते, पोरं ताठ उभी राहतात. ओटी तीच राहते, तू बदललेली असतेस. आणि चवदार तळ्याचं तर तू अगदी सहज बोललीस. तिथे आलेला माणूस तुझ्या चौकटीत बसायला आलेला नाही. त्याच्या आज्या-पणज्याला त्या पाण्यापाशी फिरकू दिलं नव्हतं. तो तिथे हक्काने उभा आहे, आणि तू तुझा अंदाजाचा फोकस लावून त्याच्या तोंडाशी जाणार. त्यापेक्षा चार मीटर मागे राहणं मला अदबीचं वाटतं.

हौशी : अंतर राखणं म्हणजे अदब, असं त्या तळ्यावर तरी म्हणू नका, काका. त्या तळ्याचा सगळा इतिहास अंतर राखण्याचाच आहे. कुणी किती लांब उभं राहायचं, सावली कुठवर पडू द्यायची, याचीच मापं होती ती. मी चार मीटर मागे उभी राहून लांबून दर्शन घेतल्यासारखा फोटो काढला, तर मी नक्की कशाचा मान राखला?

साशंक : हे मला सुचलं नव्हतं. खरंच नव्हतं.
तरी एक राहतंच. भेटायला जवळ जाणं आणि फोटो भरावा म्हणून जवळ जाणं, ही पावलं बाहेरून सारखीच दिसतात. तुझी ३५ दुसऱ्या पावलासाठीही तेवढीच सोयीची आहे. गर्दीत घुसून, न बघता, न विचारता, अंदाजाने चाप दाबायची हातोटी तू मघाशी मोठ्या प्रेमाने सांगितलीस. दोन मीटरवर लपता येत नाही म्हणतेस, पण न बघता फोटो काढणं हेही लपणंच की. समोरच्याने तुला पाहिलं, तू त्याला पाहिलं नाहीस. निदान फोकस जुळवताना मी त्याच्या डोळ्यांकडे बघत असतो, आणि मी बघतोय हे त्यालाही दिसतं. रेंजफाइंडर घ्यायचा आणि रेंजफाइंडरच वापरायचा नाही, ही कसली हौस?

हौशी : लागलं. याला उत्तर नाही माझ्याकडे आत्ता.

साशंक : मलाही तळ्याचं उत्तर द्यायचं आहे अजून. म्हणून सांगतो, लेन्स नंतर घे. आधी दोरी घे, मीटरमीटरवर गाठी मार आणि महिनाभर नुसती हिंड. फोटो काढावासा वाटला की थांब, आणि तुझे पाय कुठे थांबले ते मोज.

हौशी (आठवड्याने परत येऊन) : दोरी नव्हती, पावलं मोजली. गेला आठवडाभर तेच करते आहे. महाडच्या बाजारात ओळखीच्या मासेवालीशी मी दोन मीटरच्या आसपास थांबते. अनोळखी माणूस असेल तर साडेतीन, कधी चार. उमरठला तानाजीच्या समाधीपाशी बसलेल्या म्हाताऱ्यांजवळ गेले, तिथे तीन. म्हणजे अनोळखीत तुमची ५० जिंकली आणि ओळखीत माझी ३५. पाचाडहून रायगडाकडे पाहिलं तेव्हा मोजणंच सोडलं, तिथे कोणतीही लावली तरी कडा आपला मान वर करायला लावतो. पण खरी पंचाईत घरी झाली. आजीशी मी बोलते ती गुडघ्याला गुडघा लावून. मोजलं तर एक मीटरच्या आत. आणि ज्युपिटर-८ काय, ज्युपिटर-१२ काय, दोघींचा फोकस एक मीटरला संपतो. जिच्यासाठी मी हा कॅमेरा माळ्यावरून उतरवला ती नेहमीच्या जागी बसली तर दोन्हींत धूसर येणार. आणि गावाचं नाव नाते!

साशंक : मग आजीला थोडं मागे सरकायला सांगशील की तू सरकशील?

हौशी : तेच कळत नाहीये.

साशंक : मी अजून ५० च म्हणेन.

हौशी : आणि मी ३५. थोड्या कमी खात्रीने.

साशंक : मुंबईत बोरा बझारात जाशील तेव्हा दोन्ही डोळ्यासमोर धर, आतून टॉर्च मारून बुरशी बघ, अपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का बघ. पण आत्ता जाऊ नकोस. मृग लागला. कोकणात जुनी लेन्स घ्यायची ती दिवाळीनंतर, हवा सुकल्यावर. आत्ता घ्यायचाच तर घट्ट झाकणाचा डबा घे आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक. लेन्स कोणतीही आली तरी तो लागणारच.

हौशी : डबा आणलाय. बॉडी काल रात्रीपासून त्यातच आहे.